गिटारचा व्हिडिओ लावून दिला की झालं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या मोकळ्या वेळाचं काय करायचं यावर पेपरात सारखं काही ना काही येत असतं आणि त्यात हल्ली 'ऑनलाइन एखादं वाद्य शिकू द्या' हा सल्ला हमखास असतो. सल्ला चुकीचा नाही. मीही तेच केलं, नऊ वर्षांच्या मुलीला गिटारचे बिगिनर लेसन लावून दिले आणि स्वतःच्या कामाला लागले. चुकलं ते तिथेच, म्हणून हे पत्र.

पहिल्याच दिवशी तिने गिटार उलटी धरली. स्क्रीनवर शिकवणारा समोर तोंड करून बसलेला, त्याच्या गिटारची मान, म्हणजे लांब दांडी, आपल्याला उजवीकडे दिसते, मग मुलगी आरशात बघावं तशी नक्कल करणार ना, तिनेही मान उजवीकडे घेतली, जाड तार खाली आणि बारीक तार वर. असंच दोन दिवस चाललं होतं. व्हिडिओतला माणूस हसून 'छान, आता पुढे जाऊ' म्हणत होता. तो तरी काय करणार, त्याला कुठे दिसतंय! (डावखुऱ्या मुलांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी तारा उलट लावलेली गिटार मिळते, पण माझी मुलगी चांगली उजवी आहे.)

दुसरं म्हणजे गिटारच. घरात भाच्याची मोठी, स्टीलच्या तारांची पडून होती, म्हटलं आधी हिच्यावर बघू. फुल साइज गिटारवर तारेची वाजणारी लांबी ६५ सेंटीमीटरच्या आसपास असते, थ्री-फोर्थमध्ये साधारण ५८, हाफ साइजमध्ये ५३ वगैरे. मोठीवर पहिल्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, पहिली सगळ्यात लांबची) हात पोचवताना पोरीचा खांदाच वर यायचा. त्यात स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या घरात जातो, नायलॉनचा साधारण त्याच्या निम्मा. बोटं लालबुंद झाली आणि ती म्हणाली, मला जमतच नाही. अहो, मोठ्या माणसाच्या बोटांनाही घट्टे पडायला दोन-तीन आठवडे लागतात, तिचं काय घेऊन बसलात! नायलॉनच्या तारांची लहान गिटार आणली आणि आठवड्यात सूर बदलला, गिटारचाही आणि तिचाही. मात्र 'आवाज मोठा येतो' म्हणून नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा लावायच्या भानगडीत कुणी पडू नका, तो ताण तिला झेपत नाही आणि तारा जिथे अडकवतात ती खालची पट्टी, म्हणजे ब्रिज, उचकटून येतो.

आता माझी स्वतःची फजिती. तार सुरात आहे का ते दाखवणारं ट्यूनर ॲप फोनवर फुकट मिळतं, तार छेडली की सुई हलते, सोपंय म्हणून मीच बसले. तारांचे सूर जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई, इथपर्यंत पाठ केलेलं. मी छेडत होते जी ची तार आणि पिळत होते शेजारची खुंटी, सुई काही केल्या हलेना, मी आपली पिळतेय, पिळतेय, आणि फट्! तार तुटून हातावर बसली. मुलगी पोट धरून हसली, बहुतेक त्या दिवशी तिला गिटार पहिल्यांदा आवडली असेल. तेव्हापासून नियम केलाय की आधी तारेवर बोट ठेवायचं, ते तसंच सरकवत खुंटीपर्यंत न्यायचं आणि मगच पिळायचं. नव्या नायलॉनच्या तारा काही दिवस ताणत राहतात, रोज उतरतात, त्यात गिटार खराब नसते, हेही मला तेव्हाच कळलं. बेसूर गिटारवर बरोबर धरलेली कॉर्डही (एकदम वाजवायचे तीन-चार सूर) घाणच वाजते आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. बऱ्याच लेसनमध्ये ट्यूनिंग तीस सेकंदात उरकतात याचा मला खरंच राग येतो.

कागदावरच्या खुणांचाही घोळ आहेच. टॅबमध्ये, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची ते रेघांवर आकड्यांनी लिहितात त्यात, सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात बारीक तार, आणि मांडीवर गिटार घेतली की वर असते जाड तार. बोटांचे नंबरही गिटारमध्ये तर्जनीपासून, कीबोर्डवर अंगठ्यापासून. ज्या मुलाने आधी कीबोर्ड वाजवलाय त्याला 'दोन नंबरचं बोट' म्हटलं की तो तर्जनीच टेकवणार. कुणीतरी शेजारी बसून एकदा सांगितलं की पाच मिनिटांत प्रश्न मिटतो, नाही सांगितलं तर मूल महिनाभर चुकत राहतं.

लाइव्ह क्लास लावला तर हे सुटेल असं मला वाटलं होतं, थोडं सुटतंही, कारण समोरच्याला मनगट दिसतं. पण आवाज पोचायला उशीर होतो त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं विसरा, आणि कॉलवरचं नॉइज कमी करणारं सेटिंग गिटारची घुमणारी तार म्हणजे पंख्याचा आवाज समजून खाऊन टाकतं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' म्हणून एक पर्याय असतो, तो चालू केल्यावर आमचं काम झालं.

व्हिडिओ वाईट नाहीत हो. कंटाळा न करता एकच गोष्ट पन्नास वेळा दाखवणारा मास्तर कुठे मिळतो, आणि स्पीड ०.७५ वर केला की स्ट्रमिंगचा, म्हणजे तारा छेडणारा, हात नीट दिसतो. माझं म्हणणं एवढंच की पहिला महिनाभर रोज पंधरा मिनिटं घरातल्या कुणीतरी शेजारी बसावं, गिटार येत नसली तरी चालेल. तार फ्रेटच्या अगदी मागे दाबली का, शेजारच्या तारेला बोट लागून ती मुकी होतेय का, हे कुणालाही ऐकू येतं. तीन बोटांची सी कॉर्ड पहिल्याच आठवड्यात कशाला? दुसऱ्या तारेवर (तारा मोजायच्या बारकीकडून) पहिल्या फ्रेटला एक बोट आणि खालच्या तीनच तारा छेडायच्या, झाली छोटी सी. पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला एक बोट की छोटी जी. बोटांना जड जाणाऱ्या एफ कॉर्डच्या नावाने तर अजून वर्षभर गप्प बसलात तरी काही बिघडत नाही.

आणि लेसन बनवणाऱ्यांना एक विनंती, कॅमेरा एकदा तरी वाजवणाऱ्याच्या डोक्यामागून लावा, म्हणजे मुलाला स्वतःची मांडी दिसते तशीच गिटार दिसेल.

सध्या आम्ही दोघी मिनिट लावून छोट्या जी वरून छोट्या सी वर किती वेळा जाता येतं ते मोजतो. काल तिचे एकवीस झाले. माझे नऊ, आणि त्यातले दोन ती मोजायला तयार नाही.

आपली,
एक आई