दुरेघी वही जरा कपाटात ठेवा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा कौतुकाने सांगत होते, "पोराकडून पानंच्या पानं गिरवून घेतोय." मागून तुमच्या नातवाची कुरकुर ऐकू येत होती. फोनवर वाद नको, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुम्ही उभा जन्म पहिलीचा वर्ग सांभाळलात, पण तुमच्याकडे पोरं सहाव्या वर्षी यायची. हा आत्ताशी चार वर्षांचा आहे. या वयात मनगटातली काही हाडं अजून कूर्चेचीच असतात. रेघेत अक्षर बसवताना त्याचा हात खरंच दुखतो, तो आळस नव्हे. आमच्या बालवाडीत वही खूप उशिरा निघते. आधी बोटं तयार करायची: मटार सोलणं, गवार मोडणं, दोरीला चिमटे लावणं, कणकेचे साप वळणं. आई, तुझ्या स्वयंपाकघरात हे सगळं आयतंच आहे. त्याला घे शेजारी.

अक्षरांसाठी परातीत बारीक रवा पसरा आणि दोन बोटांनी काढू दे. चुकलं की परात हलवायची, खोडरबराची भानगड नाही. सुरुवात ग, म, भ, न अशी करा. चौघांचीही उजवीकडची उभी रेघ एकच, एक जमलं की पुढचं सोपं. 'अ' वळणाला अवघड, तो मागाहून. त्याच्याही आधी कानाचा खेळ. डब्यात कप, कढई, मणी, मका, नथ असलं काहीबाही टाकायचं आणि 'म'ने सुरू होणारं काढ म्हणायचं. आवाज कानात पक्का बसला, की अक्षर ओळखायला वेळ लागत नाही.

आता गणित. शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो हे खरं, पण जेवायच्या वेळी त्याला सहा चमचे आणायला सांगून पाहा. मूठभर घेऊन येईल. चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडा, दोन्हींत सात-सात. एक ओळ लांब पसरवा आणि विचारा, जास्त कुठे? लांब ओळीकडे बोट दाखवेल, पैज लावते! त्याला रागवू नका, या वयात डोळ्यांना दिसतं तेच खरं वाटतं. शंभरदा हाताळल्यावर आपोआप उमगतं, सांगून नाही.

माझा सगळ्यात लाडका खेळ म्हणजे फोडलेल्या चिंचोक्यांचा. पाच फाका घ्यायच्या, आतून पांढऱ्या, बाहेरून तपकिरी. मुठीत खुळखुळवून जमिनीवर टाकायच्या. दोन पांढऱ्या, तीन तपकिरी. पुन्हा टाक. चार आणि एक. आमच्या वर्गात एकीच्या पाचही पांढऱ्या पडल्या, तर ती ओरडली, "बाई, तपकिरी संपल्या!" शून्य शिकवायला मला याहून वेगळा धडा नको. बेरजेचं चिन्ह न दाखवता पाचाच्या सगळ्या जोड्या त्यांच्या बोटांत बसतात.

बाबा, तुम्ही याला इंग्रजी शाळांचं फॅड म्हणता. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी बिया, शिंपले, खडे, पानं यांवरच भागवलं. आता २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि तोही खेळावर. म्हणजे तुमची पहिली-दुसरीसुद्धा त्यात आली बरं का!

पालक माझ्याशीही भांडतात. फी भरून खेळायलाच पाठवायचं का, म्हणतात. छोट्या गटापासून गृहपाठ देणाऱ्या बालवाड्या गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्याकडेच रांगा लागतात. माझं मत तिखट आहे: चार वर्षांच्या मुलाची भरलेली वही ही पालकांना दाखवायची वस्तू असते, मुलाच्या काही उपयोगाची नसते.

आई, अंगणातल्या चिंचेचे चिंचोके यंदा सगळे भाजू नकोस, थोडे कच्चे ठेव. मी न्यायला आले की वर्गासाठी पिशवीभर नेईन. शेजारचं धाकटं खेळायला आलं, तर मात्र डबा वर उचलून ठेवा. ते सगळं तोंडात नाहीतर नाकात घालतं. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील, कुरियरने पाठवते आहे.

तुमची,
ताई