मित्रकीटकांना विषाची मोजपट्टी नको

महोदय,

जैविक कीडनियंत्रणाचा विषय निघाला की 'वापरून पाहिलं, काही फरक पडला नाही' हे वाक्य हमखास ऐकू येते. पूर्वी मीही तेच म्हणत असे. मित्रबुरशी, म्हणजे किडीला मारणारी बुरशी, मी भर उन्हात फवारली होती, तीही आदल्या दिवशी बुरशीनाशक मारलेल्या पिकावर. ती किडीपर्यंत पोहोचण्याआधीच मी तिला मारले होते, हे फार उशिरा उमगले.

रासायनिक औषध हा निर्जीव पदार्थ आहे. मित्रबुरशी आणि मित्रकीटक हे जीव आहेत. मेटारायझियम किंवा बिव्हेरिया या मित्रबुरशींचे बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतात, रुजतात, कातडी भेदून आत शिरतात. त्यासाठी हवेत ओलावा लागतो आणि कडक ऊन त्यांना सोसत नाही, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची. कीड मरायला काही दिवस जातात. दुसऱ्या सकाळी मेलेल्या अळ्यांचा सडा शोधणारा माणूस निराश होतो आणि पुन्हा विषाकडे वळतो.

ट्रायकोग्रामाचेही तसेच. अर्ध्या मिलिमीटरची ही गांधीलमाशी किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. किडीच्या अळ्या बाहेर पडल्यावर ट्रायकोग्रामा वाढत असलेल्या अंड्यांचे कार्ड शेतात लावून काय उपयोग? मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात पतंग दिसू लागले, की तीच वेळ.

शिवाय मित्र सोडायचे आणि वरून विष मारायचे, हे चालत नाही. कॅलिफोर्नियात कापसासारख्या पांढऱ्या खवले किडीने संत्र्या-लिंबांच्या बागा उजाड होत होत्या. १८८८ मध्ये कीटकतज्ज्ञ आल्बर्ट कोबेले यांनी ऑस्ट्रेलियातून ती कीड खाणारा एक छोटा ढालकिडा (लेडीबर्ड) शोधून पाठवायला सुरुवात केली. पहिल्या काही खेपांत जेमतेम १२९ किडे जिवंत पोहोचले, पण त्यांच्या पिलावळीने दोनेक वर्षांत बागा सावरल्या. पुढे १९४० च्या दशकात तिथे डीडीटी हे रासायनिक कीटकनाशक आले, ढालकिडे मेले आणि तीच खवले कीड परतली. मला यापेक्षा बोलका पुरावा ठाऊक नाही.

उत्पादकांनाही सांगणे आहे. पाकिटावर तारीख छापून भागत नाही. तापलेल्या गोदामात पडून राहिलेली बुरशी मुदतीआधीच मेलेली असू शकते. माल शेतात पोहोचेपर्यंत थंड राहील, ही जबाबदारी विकणाऱ्याने घ्यायला हवी. मेलेला माल विकत घेऊन एकदा फसलेला शेतकरी पुन्हा त्या वाटेला जात नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. मित्रकीटकांची मोठी, स्पष्ट छायाचित्रे छापावीत, विशेषतः त्यांच्या अळ्यांची. प्रौढ ढालकिडा पुष्कळांना ओळखता येतो, पण त्याची काळपट, लांबट, छोट्या मगरीसारखी अळी कोणी ओळखत नाही. मावा फस्त करणाऱ्या या अळीलाच कीड समजून फवारणी केलेली मी पाहिली आहे. निदान पेरणीच्या हंगामाआधी एक पान यासाठी द्यावे.

आपला,
एक शेतकरी वाचक