चीर देण्याआधी विचारा : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

(प्रत : मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या खात्याकडे येते म्हणून.)

विषय : स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेआधी पुनर्रचनेबाबत रुग्णाशी बोलणे बंधनकारक करण्याबाबत

महोदय,

स्तनाच्या कर्करोगात स्तन काढायचे ठरले की बाईला तारीख मिळते, रक्ताच्या तपासण्यांची चिठ्ठी मिळते आणि उपाशीपोटी यायला सांगितले जाते. स्तन पुन्हा घडवता येतो का, सपाट छातीच बरी, की ब्लाउजमध्ये बसवायचा कृत्रिम स्तन पुरेसा आहे, हा विषय निघालाच तर ‘ते नंतर बघू’ इथे संपतो. आमचे म्हणणे या ‘नंतर’बद्दल आहे. कारण बरेच काही पहिल्या चिरेतच ठरून जाते.

नेहमीच्या पद्धतीत स्तनाग्र आणि त्याभोवतीची बरीच कातडी आतल्या ग्रंथीबरोबर काढतात आणि उरलेली ताणून आडवी शिवतात. त्याच वेळी पुनर्रचना करायची असेल तर कातडीची पिशवी राखून आतली ग्रंथी काढता येते. काही जणींचे स्तनाग्रही वाचते. त्या पिशवीत भर घालणे तुलनेने सोपे जाते आणि आकारही बरा येतो. वर्षभराने तीच बाई परत आली तर कातडीच शिल्लक नसते. मग ती पाठीवरून किंवा पोटावरून आणावी लागते, नाहीतर फुगा घालून ताणावी लागते. उशिराची पुनर्रचना होतच नाही असे नाही, कित्येक वर्षांनीही होते. पण चिरा वाढतात. उलट ज्यांच्या कातडीतच रोग उतरला आहे, त्यांनी थांबणेच योग्य. कोण थांबणार आणि कोण नाही, हे प्लास्टिक सर्जनने शस्त्रक्रियेआधी बघितल्याशिवाय कळणार कसे?

याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे पूर्ण स्तन काढायची गरज आहे का. गाठ लहान असेल तर गाठ तेवढी काढून नंतर किरणोपचार घेतल्यास जगण्याची शक्यता स्तन काढण्याइतकीच राहते. हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या वीस-वीस वर्षांच्या पाठपुराव्यांनी दाखवून दिले. तरी जत-आटपाडीकडची बाई ‘सगळंच काढून टाका’ म्हणते. तीन ते पाच आठवडे रोज किरणांसाठी ये-जा कोण करणार, हा तिचा हिशेब असतो. त्यात चूक काही नाही. पण काखेतल्या बऱ्याच लसीका ग्रंथींत रोग सापडला तर स्तन काढूनही किरणोपचार लागतातच, हे तिला आधी कोणी सांगितलेले नसते.

आता पर्याय. हे इथे तपशिलाने लिहितो, कारण आदेश काढताना ‘पुनर्रचना’ हा एकच शब्द लिहून भागणार नाही.

सिलिकॉनचे इम्प्लांट हा पहिला मार्ग. शस्त्रक्रिया छोटी, अंगावर दुसरी जखम नाही. बहुतेकदा आधी रिकामा फुगा बसवतात आणि कातडीखालच्या झडपेतून सुईने सलाइन भरत जातात. समजा ४०० मिली भरायचे आहे आणि दर वेळी ५० मिली. म्हणजे आठ फेऱ्या, एक-दोन आठवड्यांच्या अंतराने. शिराळ्याहून मिरजेला आठ वेळा एसटीने यायचे म्हणजे आठ दिवसांची मजुरी गेली. त्यानंतर फुगा काढून कायमचे इम्प्लांट बसवायला दुसरी शस्त्रक्रिया. आणि ‘कायमचे’ म्हणतात तेही जन्मभराचे नसते. दहा-पंधरा वर्षांनी बदलायची वेळ येऊ शकते. किरणोपचार होणार असतील तर इम्प्लांटभोवतीचे आवरण आवळत जाण्याची शक्यता वाढते; मग स्तन कडक होतो, दुखतो, वर सरकतो. खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटमुळे एक विरळ लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग) होतो म्हणून अ‍ॅलर्गन कंपनीने ती २०१९ मध्ये जगभरातून परत घेतली. त्यामुळे कोणत्या कंपनीचे, कोणत्या पृष्ठभागाचे, कोणत्या क्रमांकाचे इम्प्लांट घातले त्याचे कार्ड रुग्णाच्या हातात द्यायलाच हवे.

दुसरा मार्ग स्वतःच्याच मांसाचा. पाठीचा रुंद स्नायू कातडीसकट काखेतून पुढे फिरवून आणतात. त्याचा रक्तपुरवठा तुटत नाही, त्यामुळे हा खात्रीचा फ्लॅप (शरीराच्या एका जागेहून दुसरीकडे आणलेला मांस-कातडीचा तुकडा). पण तो स्नायू खेचायच्या आणि हात वर करून करायच्या कामांचा. तासगावच्या द्राक्षबागेत मांडवाखाली दिवसभर हात वर ठेवून विरळणी करणाऱ्या बाईला, किंवा ऊसतोडीला जाणारीला, हे आधी सांगायला नको का? पोटाचा स्नायू घेतला तर पोटाची भिंत कमजोर होऊन हर्निया होऊ शकतो, आणि वैरणीचा भारा डोक्यावर घेणारीला ते परवडत नाही. स्नायू जागेवर ठेवून पोटाची फक्त कातडी-चरबी उचलायची पद्धतही आहे. तिच्यात दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या वाहिन्यांना शिवतात. सहा-आठ तास किंवा जास्तही लागतात. पहिले दोन दिवस तासातासाला फ्लॅपचा रंग, ऊब आणि दाबल्यावर रक्त किती वेळात परत येते ते बघावे लागते. वाहिनीत गुठळी झाली आणि काही तासांत पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेले नाही, तर अख्खा फ्लॅप जातो. रात्रपाळीला एकाच परिचारिकेवर चाळीस खाटा असतील तर ही शस्त्रक्रिया करूच नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. सूक्ष्मदर्शक विकत आणून उद्घाटन करणे सोपे आहे. रात्री दोन वाजता कोण बघणार, ते आधी ठरवा.

आमच्या भागातली आणखी एक गोष्ट. केसपेपरवर ‘तंबाखू खाता का?’ असा रकाना असतो आणि बाई ‘नाही’ म्हणते. मिश्री हा तंबाखूच आहे हे तिच्या मनातही येत नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचतात. मग कातडीच्या कडा काळ्या पडतात, जखम उकलते, पुढचे उपचार आठवडेच्या आठवडे लांबतात. प्रश्न ‘मिश्री लावता का?’ असाच छापा, आणि किमान चार आठवडे आधी ती सोडायला सांगा. मधुमेह ताब्यात नसेल तरी हेच दुखणे.

‘एवढा वेळ कुठे आहे?’ असे विचारले जाईल. वेळ आहे. आठवडाभर विचार केल्याने सहसा रोग हाताबाहेर जात नाही. ज्यांना शस्त्रक्रियेआधीच केमो दिला जातो, त्यांच्याकडे तर तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने आठ फेऱ्या, म्हणजे जवळजवळ सहा महिने असतात. अशी बाई दर वेळी तासन्‌तास सलाइन लावून बसलेली असते. तिथेच तिच्याशी बोला. दहा मिनिटे एकटीशी बोला, कारण बरोबर आलेला मुलगा किंवा दीर तिच्या आधी उत्तर देतो. साठीच्या बाईला ‘आता कशाला?’ असे म्हणून तो विषय मिटवू नका. नुसते वय हे नकाराचे कारण होत नाही. आणि पुनर्रचनेने रोग परत येतो किंवा परत आलेला लपतो, ही भीती खरी नाही, हेही सांगा. घडवलेल्या स्तनाला पूर्वीची संवेदना सहसा येत नाही, हे मात्र खरे आहे. तेही लपवू नका.

नको म्हणणाऱ्या बायका खूप आहेत, आणि तो निर्णय अर्धवट मानू नये. सपाट छाती हीसुद्धा नीट करायची गोष्ट आहे. काखेखाली कातडीची शेंडी सोडून टाके घातले की ती जन्मभर ब्लाउजच्या शिवणीला घासत राहते. पंधरा मिनिटे जास्त देऊन ती जागा सपाट करता येते. पुढे कृत्रिम स्तन. आज अनेक जणी रुमाल किंवा कापूस कोंबतात. त्याला वजन नसल्याने तो गळ्याकडे सरकतो, खांदे एका बाजूला झुकतात, मान-पाठ धरते. पहिले सहा-आठ आठवडे हलकी सुती पिशवी, जखम भरल्यावर दुसऱ्या बाजूच्या वजनाचा सिलिकॉनचा साचा आणि तो बसेल असा आत कप्पा शिवलेली ब्रा, एवढेच लागते. साचा दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो. कप्पा कोणताही गावचा शिंपी शिवून देईल. नमुना तेवढा हवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे. पुनर्रचना ही ‘सौंदर्याची’ शस्त्रक्रिया आहे म्हणून तिला अडवू नये. खासगी विम्याच्या नियमांतसुद्धा सौंदर्य-शस्त्रक्रिया वगळताना कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला अपवाद केला आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विम्याला पुनर्रचना, दुसऱ्या बाजूचा स्तन जुळवून घेणे आणि कृत्रिम स्तन हे सगळेच द्यावे लागते. आमच्या मागण्या त्याहून लहान आहेत. एक, दोन टप्प्यांच्या पुनर्रचनेला पहिल्या टप्प्यातच दोन्हींची पूर्वमंजुरी मिळावी, म्हणजे बाई अर्ध्या भरलेल्या फुग्यासह अडकून पडणार नाही. दोन, साचा आणि दोन कप्प्याच्या ब्रा शस्त्रक्रियेच्या पॅकेजातच असाव्यात. तीन, काय मिळते आणि काय नाही याचा मराठी तक्ता प्रत्येक आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात योजनेची मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) टेबलावर असावा. चार, मिरजेच्या शासकीय रुग्णालयात आठवड्याचा एक वार ठरवून सर्जन, प्लास्टिक सर्जन, किरणोपचार तज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट एकाच ओपीडीत बसावेत, आणि साताऱ्याकडच्या रुग्णांनाही त्याच वारी पाठवता यावे. चार डॉक्टरांसाठी चार खेपा म्हणजे चौथी खेप कधीच होत नाही.

संमतीपत्रात एक रकानाही वाढवा : ‘पुनर्रचना, सपाट छाती आणि कृत्रिम स्तन यांविषयी मला समजावले. तारीख ____.’ ती तारीख शस्त्रक्रियेच्या तारखेच्या निदान सात दिवस आधीची असावी. त्याच दिवशी सकाळी ट्रॉलीवर घेतलेली सही आम्ही धरणार नाही, आणि आपणही धरू नये.

आपले,
सांगली, मिरज व सातारा भागात स्तन कर्करोगाच्या रुग्णांबरोबर काम करणारे परिचारिका, समुपदेशक, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर