जुनी बोट घेताना आधी मागची फळी ठोकून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला आणि धरणांचं पाणी उतरलं की आमच्या भागात जुन्या मोटरबोटींचे सौदे सुरू होतात. गोसेखुर्द धरणाच्या बाजूचे ढिवर बांधव, रामटेक-पारशिवनीकडच्या मत्स्य संस्थांची पोरं, अलीकडे पर्यटनासाठी बोट चालवू पाहणारे बचत गट, सगळे याच दिवसांत विचारपूस करतात, कारण पावसाळा सरताच हंगाम धरायचा असतो. कोकण किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्यामुळे तिकडच्या बोटीही याच सुमारास वर ओढलेल्या असतात आणि त्यातल्या काही ट्रकवर चढून विदर्भात येतात. म्हणजे जिचं सगळं बरंवाईट पाण्यात कळतं, ती वस्तू आपण विटांवर ठेवलेली बघून घेतो आणि वरून रंग ताजा दिसला की विसार देऊन मोकळे होतो. पैसे कमी असलेल्या माणसाचं यात फार नुकसान होतं, म्हणून हे पत्र.

मी नागपुरात टू-स्ट्रोक इंजिनांचा मेकॅनिक आहे. चेतक, राजदूत, लूना यांची इंजिनं खोलण्यात उमेदीची वर्षं गेली. त्या गाड्या रस्त्यावरून गेल्या, पण बोटीच्या मागे लागणारं जुनं आउटबोर्ड मशीन बहुधा टू-स्ट्रोकच असतं आणि ते उघडणारे हात आपल्याकडे थोडे. म्हणून मासेमारी करणारी माणसं माझ्याकडे येऊ लागली. येणारा प्रत्येक जण एकच म्हणतो, “भाऊ, बोट तं चांगलीच आहे, तुम्ही फक्त मशीन पाहून द्या.” मला हेच उलटं वाटतं. मशीन चार बोल्ट काढून वेगळं करता येतं, दुरुस्त होतं, विकता येतं, दुसरं बसवता येतं. बोटीचं धड सडलेलं निघालं तर कमी बजेटवाल्यापाशी पुढचा उपाय राहत नाही. म्हणून मी आधी बोटीच्या मागे जाऊन बसतो.

फायबरची बोट फायबरचीच आहे असं आपण समजतो. पण मागचा सपाट भाग, ज्यावर मशीन लटकतं, तो बहुतेक जुन्या बोटींत आतून प्लायवूडचा असतो आणि वरून फायबरचा थर असतो. याला ट्रान्सम म्हणतात, आमची पोरं मागची फळी म्हणतात. पस्तीस-चाळीस किलोचं मशीन आणि त्याचा सगळा जोर या फळीवर येतो. मशीन बसवायला भोकं पाडलेली असतात. त्यांत सीलंट नीट भरलं नसेल तर पाणी आत शिरतं आणि प्लाय वर्षानुवर्षं आतल्या आत कुजत राहतो. बाहेरून चकाचक. ओळखायची पद्धत सोपी आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फळी इंचाइंचावर ठोकत जा. कोरड्या भागाचा आवाज टणक येतो, ओल्या भागाचा बद्द येतो. बोल्टांच्या भोवती आणि अगदी खाली, पाणी काढायच्या बुचाजवळ, जास्त वेळ घालवा, कारण कुजणं तिथूनच सुरू होतं. बोल्टखालून तपकिरी ओघळ उतरलेला दिसला तर तो नुसता गंज समजू नका. आत पाणी आहे. मग मशीन पूर्ण वर उचलून लॉक करा, त्याच्या खालच्या टोकावर हाताने जोर द्या आणि शेजारच्याला फळीकडे बघायला सांगा. फळी लवताना दिसली की व्यवहार तिथेच थांबवावा. विकणारा तयार असेल तर आतल्या बाजूने एक बारीक भोक पाडून भुसा बघावा. पिवळसर, हलका भुसा आला तर ठीक, काळपट आणि ओलसर आला तर फळी गेली. भोक इपॉक्सीने बुजवता येतं. जो विकणारा एवढं भोकही पाडू देत नाही, त्याला काय लपवायचं आहे हे विचारायला हरकत नाही.

पवनीकडच्या काही तरुणांनी किनाऱ्यावरून एक बोट आणली होती. निळा रंग, नवी सीट, मशीन एका ओढीत चालू. पैसे सगळ्यांनी मिळून उभे केलेले, त्यातल्या एकाने घरची बकरी विकलेली. मला बोलावलं ते बोट आल्यानंतर. मी फळी ठोकली तर अर्ध्याहून अधिक भाग बद्द. रंगाखाली पुट्टी होती आणि पुट्टीखालचा प्लाय बोटाने उकरता येत होता. आतला फायबरचा थर कापून, सगळा प्लाय काढून, मरीन प्लाय बसवून पुन्हा फायबर चढवायचं, असं ते काम. त्याचा खर्च ऐकून त्या पोरांचे चेहरे उतरले. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही. बोट येण्याआधी कुणी पाच मिनिटं मागे बसून ठोकलं असतं तर हे टळलं असतं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

बोटीचा तळ टाचेने दाबत चालावं. जिथे पाय थोडा जरी खाली जातो तिथे खालच्या आडव्या पट्ट्या सुटलेल्या किंवा फरशी भिजलेली असते. काही बोटींत फरशीखाली फोम भरलेला असतो, बोट भरली तरी तरंगत राहावी म्हणून. जुना फोम पाणी धरतो आणि मग तेच वजन बोटीला खाली ओढतं. हे डोळ्यांनी दिसत नाही, पण काट्यावर दिसतं. बोट पिकअपवर चढवली असेल तर वाटेतल्या धरमकाट्यावर भरलेली गाडी आणि रिकामी गाडी दोन्ही तोलून घ्या. दहा-वीस किलोचा फरक तिथे कळणार नाही, पण त्याच मापाच्या दुसऱ्या बोटीपेक्षा ही शंभर किलोने जास्त भरली तर शंभर लिटर पाणी आत बसलेलं आहे असं धरून चाला. काट्याचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

आता मशीन. पहिली गोष्ट, तुम्ही पोचायच्या आधी ते चालू करून ठेवलेलं नसावं. गेल्या गेल्या सिलिंडरवर हात ठेवा. गरम लागलं तर दोन तास थांबा, चहा घ्या, मग पुन्हा चालू करायला सांगा. थंड मशीनच खरं बोलतं. चालू झाल्यावर बाजूच्या भोकातून पाण्याची धार सुटली पाहिजे. आतला पंप थंड पाणी फिरवतो आहे, याची ती खूण. त्या पंपात रबराचं पंखं असतं. कोरड्यात मशीन चालवलं की ते क्षणात जळतं, म्हणून जमिनीवर नुसतं चालवून दाखवणाऱ्याला तिथेच अडवा. निदान पाण्याच्या ड्रममध्ये तरी उतरवायला सांगा.

मग विकणाऱ्याला सहज विचारा, पेट्रोलमध्ये ऑइल कोणतं टाकता? “स्कूटरचं टू-टी” असं उत्तर आलं तर मी प्लग काढून आत बॅटरी मारतो. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू 3 दर्जाचं बिनराखेचं ऑइल लागतं. स्कूटरच्या ऑइलची राख पिस्टनच्या डोक्यावर आणि रिंगच्या खाचांत बसते. मी स्वतः स्कूटरचा माणूस असल्याने हे ठामपणे सांगतो, दोन्ही डबे सारखे दिसले तरी काम सारखं नाही. कंप्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, असेल तर सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, प्रत्येक सिलिंडर तपासा. आकडा किती येतो यापेक्षा सिलिंडर एकमेकांशी जुळतात का, हे बघा. दहा टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे एकीकडे रिंग, पिस्टन किंवा गॅस्केट गेलेलं.

आणि माझा सगळ्यात भरवशाचा तपास गिअरकेसचा. पाण्यात बुडालेल्या खालच्या भागात गिअर असतात आणि त्यांचं ऑइल वेगळं असतं. मशीन रात्रभर उभं राहू द्यावं आणि सकाळी, चालू न करता, खालचा स्क्रू थोडा सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आत पाणी असेल तर आधी तेच टपकतं. ऑइल ताकासारखं पांढरट आलं तर पाणी अडवणारं सील गेलेलं आहे. स्क्रूला लोहचुंबक असेल तर त्यावरची करडी, मऊ पेस्ट चालते, पण चिमटीत घेतल्यावर कण टोचले तर गिअरचे दात झडताहेत. बोट ढकलणारा मोठा पंखा काढून मागे बघा, शाफ्टभोवती मासेमारीची नायलॉनची तंगूस गुंडाळलेली हमखास सापडते. तीच सील कापते. आपल्या जलाशयांत बुडालेली झाडं आणि खुंट पुष्कळ आहेत, म्हणून पंख्याखालचं माशाच्या परासारखं टोक तुटून पुन्हा वेल्डिंग केलेलं आहे का, हेही पाहावं. न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवून पात्याच्या टोकाशी पेन्सिल धरली की शाफ्ट किंवा पातं वाकडं आहे की नाही ते लगेच कळतं.

किनाऱ्यावरून आलेल्या मशीनमध्ये मिठाने पाण्याच्या वाटा चोंदतात आणि बोल्ट धरून बसतात. हेडचा बोल्ट उघडताना तुटला की लहान काम मोठं होतं, तेव्हा भाव करताना हे लक्षात असू द्या. त्याच मशीनला लावलेले ॲनोड, म्हणजे गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे, बहुधा जस्ताचे असतात. ते गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत. आपल्या धरणांत मॅग्नेशियमचे किंवा ॲल्युमिनियमचे लावावेत. अर्धा झिजलेला ॲनोड बघून घाबरू नका, तो काम करत होता. रंग फासलेला कोरा ॲनोड मात्र कशाचंच रक्षण करत नव्हता.

पेट्रोलची नळी आणि टाकी जुनी असेल तर ती बदलायचीच, असं धरून चाला. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर मऊ करतं. त्यात आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन.

इतकं सगळं बघूनही पैसे पाण्यावरच्या फेरीनंतरच द्यावेत. “आत्ता पाणी कुठं आहे भाऊ” हे कारण मानू नये. गोसेखुर्दच्या फुगवट्यात मे महिन्यातही बोट उतरवण्याइतकं पाणी असतं. जितकी माणसं नेहमी बसणार तितकी बसवा, सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावा आणि मशीन पूर्ण उघडून दहा मिनिटं चालवा. ड्रममध्ये गोड चालणारं मशीन भाराखाली दम सोडतं, ते इथेच समजतं. परत आल्यावर बोटीच्या पोटात किती पाणी जमलं तेही बघा.

बजेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हातात दीड लाख असतील तर एक लाखाचीच बोट बघावी. उरलेले पंप, सील, नळ्या, बॅटरी आणि जॅकेटांना लागतात, नक्की लागतात. दीड लाखाची बोट घेऊन जॅकेटांना पैसे न उरणं मला सगळ्यात वाईट वाटतं. 2017 मध्ये वेणा जलाशयात आणि 2021 मध्ये वरूडजवळ वर्धा नदीत नाव उलटून माणसं गेली. त्या घटनांची कारणं वेगळी होती, पण त्या घरांचं दुःख आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

प्रवासी बसवणार असाल तर कागद आधी मागा. 1917 चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम 2021 आला. यंत्रावर चालणाऱ्या प्रवासी बोटीला नोंदणी आणि सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. मशीनवर कोरलेला नंबर कागदाशी जुळवून बघा, खरवडलेला असेल तर हात लावू नका. मासेमारीसाठी बोट हवी असेल तर जुनी बघण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात एक फेरी मारा. 2020 च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना 60 टक्के मदतीची तरतूद ठेवली गेली. आपल्याला काय मिळू शकतं, ते तिथे विचारून मगच जुन्या बोटीचा हिशेब मांडा.

माझी विनंती नागपूर, भंडारा भागातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकना आहे. पावसाळ्याआधी एक-दोन रविवार त्यांनी आपल्या वर्कशॉपचं आवार जुन्या बोटी आणि मशीन तपासायला उघडावं. मुलांना हाताखाली खरं काम मिळेल आणि संस्थांना विसार देण्याआधी खरं काय ते कळेल. कंप्रेशन गेज माझ्याकडे आहे, त्या दिवशी मी तो घेऊन येईन आणि फळ्याही ठोकून देईन. मोबदला नको.

आपला,
एक टू-स्ट्रोक मेकॅनिक,
नंदनवन, नागपूर