अक्का, तुमच्या तीन बोटांना

प्रिय अक्का,

तुम्हाला पत्रबित्र आवडणार नाही, ठाऊक आहे. "एवढं काय केलं ओ मी, हात तेवढा लावला," म्हणाल. पण मला त्या हाताबद्दलच लिहायचंय, आणि चारचौघांत लिहायचंय, कारण त्या रात्रीच्या केसपेपरवर तुमचं नाव कुठंच नाही. माझ्या अक्षरात एकच ओळ आहे: ‘आधी ग्रेड तीन, दाब बदलल्यावर ग्रेड दोन, ट्यूब गेली.’ ग्रेड म्हणजे श्वासाची ट्यूब घालताना घशात किती दिसतं त्याची पायरी. दाब कुणी दिला, कुणी बदलला, हे लिहायला भुलेच्या कागदावर रकाना नसतो.

जुलै महिना होता. खानापूरच्या पुढं जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. त्यातून आपल्या त्या पेशंट मामांना बेळगावपर्यंत आणायलाच संध्याकाळ झाली होती. हर्निया अडकलेला, पोट टम्म, सकाळपासून उलट्या. नाकातून नळी घालून बरंच काढलं, तरी पोट रिकामं झालं असं म्हणवत नव्हतं. मान आखूड, त्यावर दाढी. मी बेळगावात नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेले. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, मी एकटीच भूल देणारी, आणि मदतीला तुम्ही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. भूल दिली, स्नायू सैल करणारं औषध गेलं, की पोटातलं वर यायला अडवणारं काही उरत नाही. ते फुप्फुसात गेलं तर ऑपरेशन यशस्वी होऊनही माणूस जाऊ शकतो. म्हणून श्वासनलिकेत ट्यूब बसेपर्यंत मदतनीस गळ्यावर दाब देतो. कंठमणी, त्याखाली बोट टेकेल एवढा खळगा आणि त्याखाली एक कडं. या कड्याला क्रिकॉइड म्हणतात. श्वासनलिकेच्या बाकीच्या कड्या मागून उघड्या असतात, हे एकटंच पूर्ण गोल. ते मागं दाबलं की त्याच्या आणि मणक्याच्या मध्ये अन्ननलिका चेपली जाईल, असा हिशेब. लंडनच्या सेलिक यांनी १९६१ साली ‘लॅन्सेट’मध्ये २६ पेशंटांवरचा अनुभव लिहिला आणि जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत ही पद्धत रुळली. मी हे सगळं पाठ करून आले होते. परीक्षेत चांगले मार्कही पडले होते.

तुम्ही मामांच्या उजव्या बाजूला उभ्या राहिलात. अंगठा आणि दोन बोटं कड्यावर ठेवलीत, अगदी हलकी, आणि म्हणालात, "मामा, गळ्यावर हात ठेवलाय बघा, भिऊ नका. डोळे मिटा." ते शुद्धीत असताना तुमचा दाब वेगळा होता आणि शुद्ध हरपल्यावर वेगळा. ते मला नंतर कळलं.

मी लॅरिंगोस्कोपचं, म्हणजे घशात बघायच्या साधनाचं, ब्लेड तोंडातून आत घातलं. समोर फक्त एपिग्लॉटिस, म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडावरचं झाकण. त्यामागं काही दिसेना. कॉर्मॅक आणि लेहान यांनी १९८४ साली आत काय दिसतं त्याच्या चार पायऱ्या ठरवल्या: पहिलीत स्वरतंतू पूर्ण दिसतात, चौथीत झाकणसुद्धा दिसत नाही. मी तिसरीवर अडकले होते. आणि अशा वेळी घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं. ओरडले, "अक्का, जोरात दाबा! अजून!"

तुम्ही दाबलंत. मी सांगितलं म्हणून. होतं तेही दिसेनासं झालं.

"डॉक्टर, जरा सोडू काय?"

"नको!"

मॉनिटरचा आवाज एकेक पट्टी खाली उतरत होता. रक्तातला ऑक्सिजन ९६, ९४, ९१. मला आठवतं ते हे, की तुम्ही आवाज चढवला नाहीत. डाव्या हातानं सक्शनची नळी उचलून माझ्या उजव्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तुम्हाला दिसत न्हाई. मी सोडते हळूहळू. काय वर आलं तर ओढून घ्या." परवानगी मागितली नाहीत, सांगितलंत. आणि बोटं सैल केलीत.

काही वर आलं नाही. झाकण मात्र उचललं गेलं आणि मागचे दोन उंचवटे दिसले. मग तुम्ही माझ्याकडून सक्शन काढून घेतलंत आणि माझा मोकळा झालेला हात उचलून मामांच्या कंठमण्यावर ठेवलात. कड्यावर नाही, कंठमण्यावर. "तुम्हीच हलवा. दिसलं की थांबा. तिथं मी धरते." मी मागं आणि किंचित वर ढकललं. स्वरतंतूंचा खालचा अर्धा भाग पांढराशुभ्र समोर आला. माझी बोटं जिथं होती तिथंच तुमची बोटं सरकली, केसभरही हललं नाही. ट्यूब गेली, तिच्या टोकाजवळचा फुगा फुगवला, आणि पडद्यावर कार्बन डायऑक्साइडचा पहिला चौकोनी डोंगर उमटला, म्हणजे ट्यूब श्वासनलिकेतच होती. तेव्हा कुठं मी श्वास घेतला.

पहाटे चहा पिताना मी विचारलं, हे कुठं शिकलात? "कुठं म्हणजे? बघून बघून." मग दुसऱ्या दिवशी घरून तो स्प्रिंगचा वजनकाटा घेऊन आलात, डाळ-तांदूळ मोजायचा. तीन बोटांनी डोळे मिटून दाबलंत. काटा तीन किलोवर. परत दाबलंत, परत तीनच्या आसपास. "जागा असताना एक किलो, झोपल्यावर तीन." पुस्तकात हेच १० न्यूटन आणि ३० न्यूटन असं लिहिलेलं असतं. मी वाचलं होतं, पण ३० न्यूटन म्हणजे बोटांना काय वाटतं ते मला माहीत नव्हतं. मी दाबलं तेव्हा काटा साडेपाचावर गेला. तुम्ही हसला नाहीत, पण पदर तोंडाशी नेलात.

त्यानंतर मी वाचायला बसले. माझा सगळा घोळ दोन वेगळे दाब एकच समजण्यात होता. कड्यावरचा दाब पोटासाठी असतो. त्यानं दिसायला मदत होतेच असं नाही, उलट जास्त झाला तर वाटच चेपते. दिसण्यासाठीचा दाब कंठमण्यावर द्यायचा: मागं, वर आणि उजवीकडे. कॅनडातल्या निल यांनी १९९३ साली त्याला ‘बर्प’ हे आद्याक्षरी नाव दिलं. इंग्रजीत त्याचा अर्थ ढेकर, म्हणजे नावं ठेवण्यात डॉक्टरही काही कमी नाहीत. पण तोसुद्धा मदतनिसानं अंदाजानं दिला तर चुकू शकतो, कारण आत काय दिसतंय ते त्याला कळत नाही. २००६ साली अमेरिकेत मृतदेहांवर हे दोन्ही दाब आणि तिसरी एक पद्धत ताडून पाहिली, तेव्हा सरस ठरली ती तिसरी, बघणाऱ्यानं स्वतःच्या हातानं गळा हलवायची पद्धत. म्हणजे तुम्ही माझा हात उचलून जे करायला लावलंत, तेच.

फ्रान्समधला अभ्यास तर तुम्हाला वाचूनच दाखवायला हवा होता. २०१९ साली छापून आला, ३,४७२ पेशंट. निम्म्यांना खरा दाब, निम्म्यांना नुसता हात ठेवल्याचा देखावा, आणि ट्यूब घालणाऱ्याला कळू नये म्हणून हात झाकलेला. पोटातलं फुप्फुसात गेलं ते खऱ्या दाबाच्या गटात १० जणांच्या आणि देखाव्याच्या गटात ९ जणांच्या. नीट न दिसण्याचं प्रमाण मात्र खऱ्या दाबानं वाढलं. तरी दाब अगदी सोडून द्यावा, एवढं त्यावरून सिद्ध झालं असं तो अभ्यास करणारेही म्हणाले नाहीत. मीही पोट भरलेल्या पेशंटला अजून दाब द्यायला सांगते. पण आता आधीच ठरवून घेते, दिसलं नाही तर सोडायचा, आणि सक्शन उशाशी चालू.

ते मैसूरकडचे सर आले होते ती केस आठवते? आत बघता बघता ते तुम्हाला शुद्ध कन्नडात सांगत होते, "हिंदे… मेले, मेले… बलक्के." मागं, वर, उजवीकडे. आणि नवीन लागलेला आपल्या येळ्ळूरचा वॉर्डबॉय दारात पांढराफटक. "कोण मेले ओ अक्का?" तुमचा हात तेव्हाही हलला नाही, खांदे तेवढे हलत होते. नंतर त्यालाच तुम्ही समजावलंत की ‘बलक्के’ म्हणजे पेशंटच्या उजवीकडे, आपण त्याच बाजूला उभे, म्हणजे गळा आपल्याकडे घ्यायचा. मी ते आडून ऐकून घेतलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती.

मामा आठव्या दिवशी चालत घरी गेले. जाताना त्यांनी सर्जनच्या पाया पडायचा प्रयत्न केला, मला हात जोडले. तुम्ही आत ट्रॉली पुसत होता. मी हाक मारून तुम्हाला बाहेर बोलवायला हवं होतं. ते राहिलं.

‘नको’ म्हणून तुमच्यावर खेकसले, त्याबद्दलही कधी बोलले नाही. चुकले, अक्का.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी माझी रात्रपाळी होती. कुंद्याचा डबा ठेवून गेलात तो मिळाला. वजनकाटा मात्र न्यायचा विसरलात, किंवा मुद्दाम ठेवलात. तो ओटीच्या कपाटात, वरच्या खणात आहे. नवीन आलेल्या दोघी सिस्टर सोमवारी त्यावर दाबून बघतात. एकीचा अजून चारच्या खाली येत नाही.

तुमची,
त्या रात्रीची डॉक्टर