वीस बोंडे मोजायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र मी सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. आपण मला जे शिकवलेत ते गावोगाव सभा घेत फिरणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांच्या उपयोगाचे आहे, आणि आपले ऋण चारचौघांत मान्य करावे असेही मनापासून वाटते.

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी क्षेत्र समन्वयक म्हणून रुजू झालो, तेव्हा माझी पहिलीच सभा कपाशीवरील गुलाबी बोंडअळीवर होती. 2017 च्या हंगामात या अळीने विदर्भातील कापूस उत्पादकांचे जे हाल केले ते कोणी विसरलेले नव्हते, त्यामुळे माणसे काळजीने आली होती. मी मात्र प्रोजेक्टरच्या पडद्याकडे तोंड करून ‘प्रादुर्भाव’, ‘आर्थिक नुकसानीची पातळी’, ‘एकात्मिक व्यवस्थापन’ असे शब्द पाऊण तास वाचत राहिलो. शेवटी एक वडीलधारे शेतकरी उठून शांतपणे म्हणाले, “बाबू, तू सांगतलं बहुत, पण फवारणी कवा कराची थे कुठी सांगतलं?” त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते, ते एकोणिसाव्या पानावर, एका तक्त्याच्या खाली होते. त्या रात्री मी नोकरी सोडण्याचा विचार केला होता.

जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या आपल्यासारख्या शिक्षिकेकडे मी आलो तो आवाज कसा लावावा, हात कसे ठेवावेत हे विचारायला. आपण त्यातले काहीच सांगितले नाही. शेजारच्या आजींना ओसरीवर बोलावलेत आणि मला म्हणालात, “यांना सांग, आणि मग यांच्याकडून ऐक.” मी सांगितले, दहा टक्के बोंडांत अळी आढळली की फवारणी करायची. आजींनी परत सांगितले ते भलतेच होते, आणि वर म्हणाल्या, “नाही समजलं बाबू.” तीनदा असे झाल्यावर आपण विचारलेत, “दहा टक्के म्हणजे शेतात उभ्या माणसाने नेमके काय करायचे?” माझ्या सगळ्या शिक्षणात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर जुळवता जुळवता वाक्य तयार झाले: शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडा, फोडून पाहा, दोनांत अळी निघाली तर फवारणीची वेळ आली. नर पतंगांना मादीच्या गंधाने ओढून पकडणाऱ्या कामगंध सापळ्यांचेही तसेच झाले. एका सापळ्यात रोज आठ पतंग, आणि असे सलग तीन रात्री. आजींनी हे एकदाच ऐकले आणि जसेच्या तसे परत सांगितले.

पुढचे दोन महिने दर रविवारी आपण मला वेळ दिलात. तीन मिनिटांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचे आणि स्वतः ऐकायचे, हा सराव मला सर्वांत जड गेला. आपलाच आवाज ऐकणे सोपे नसते. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत थांबायचे, मध्ये बोलून ती शांतता मोडायची नाही, हे सांगताना आपण गाडगेबाबांचा दाखला दिला होतात. आपल्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 1876 साली जन्मलेले बाबा कीर्तनात लोकांना वऱ्हाडीत प्रश्नामागून प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. आता मी सभेची सुरुवातच प्रश्नाने करतो: “डोमकळी कोणाच्या शेतात दिसली?” (डोमकळी म्हणजे आत अळी असल्यामुळे न उमलता मिटून राहिलेले कपाशीचे फूल.) हात वर होतात, आणि निम्मी सभा तेच चालवतात.

भाषेविषयीचे आपले बोलणे मला विशेष जपून ठेवावेसे वाटते. बाहेरगावच्या एका प्रशिक्षणात मी ‘पानी’ म्हणालो तेव्हा काही जण हसले होते, आणि तेव्हापासून मी वऱ्हाडी लपवत होतो. ‘ण’चा सराव आपण माझ्याकडून काटेकोरपणे करून घेतलात, कारण बँकेत आणि जिल्हा कार्यालयात प्रमाण मराठी लागते, पण गावच्या सभेत आपलीच बोली बोलायची, हेही तितक्याच ठामपणे बजावलेत. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत बोली सोडायला लावतात, ते मला आज सरळ चुकीचे वाटते.

बँकेतील सादरीकरणाचे थोडक्यात सांगतो. तूर साठवणुकीच्या गोदामाचे कर्ज हवे होते. किती रक्कम, कशासाठी, परतफेड कशातून, हे आपल्या सांगण्यानुसार पहिल्या मिनिटातच मांडले आणि कंपनीचा इतिहास शेवटी ठेवला. एका प्रश्नाचे उत्तर येत नव्हते, तेव्हा “उद्या दुपारपर्यंत कळवतो” असे म्हणालो आणि कळवले. प्रकरण मंजूर झाले.

आपण एक रुपयाही घेतला नाहीत, उलट प्रत्येक वेळी जेवू घातलेत. पेरण्या आटोपल्या की आमच्या गावातील मारुतीच्या पारावर यंदाची पहिली सभा आहे. आपण यावे आणि आजींनाही सोबत आणावे, अशी विनंती आहे. त्या तीनदा ‘नाही समजलं बाबू’ म्हणाल्या नसत्या, तर मला ते वाक्य सापडलेच नसते. त्यांच्यासाठी पुढची जागा राखून ठेवली आहे.

आपला कृतज्ञ विद्यार्थी