मान मोडली नव्हती, मानमोडी आली होती : मोडीवाल्या काकूंना पत्र

ती. काकू,
सा. नमस्कार.

तुम्ही म्हणालात नाव लिहू नकोस, म्हणून नुसतं काकू. फोनमध्ये तुमचा नंबर अजून 'मोडीवाल्या काकू' असाच सेव्ह आहे. माझं जुनं मोडी कार्ड वाचून दिल्याचे पैसे घेतले नाहीत, पाठवलेले कंदी पेढे शुगर आहे म्हणून शेजारी वाटून टाकलेत आणि वर मलाच सांगितलंत की आभार मानायचेच असतील तर सगळ्यांना वाचता येतील असे मान, म्हणजे लोक आपापल्या पेट्या उघडतील तरी. तर हे घ्या.

आधी कार्डाबद्दल, म्हणजे बाकीच्यांना कळेल. लालबागची आमची चाळ २०२२ ला रिडेव्हलपमेंटला गेली, खोली रिकामी करायची होती. माळ्यावर आजीची पत्र्याची पेटी होती, तिच्यात एक वाकवलेली तार आणि तारेत ओवलेली पत्रं. पूर्वी घरोघरी असायची ना, भिंतीच्या खिळ्याला लटकवलेली, आलं पत्र की खुपसलं तारेत. बहुतेक सगळी साठ-सत्तर सालातली, लग्नाला या, पैसे पाठवा, म्हैस व्यायली. अगदी तळाला एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड, पंचम जॉर्जचं चित्र असलेलं पाव आण्याचं, आणि त्यावर सलग मोडी, म्हणजे मराठी लिहायची जुनी लिपी. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, र्‍हस्वदीर्घाचा फरक नाही, हे मला तुमच्याकडून कळलं, तेव्हा तर ते मला मुंग्यांच्या रांगेसारखं दिसत होतं. बाबांनाही येत नाही, ते शाळेत गेले तेव्हा सगळं बालबोधच, म्हणजे देवनागरीच होतं.

तुमच्याआधी एका गृहस्थांना दाखवलं होतं. दीड हजार घेतले आणि चार दिवसांनी व्हॉट्सअपवर दोन ओळी आल्या, की जमिनीचा काही व्यवहार दिसतो आणि कोणाची तरी मान मोडली आहे, बहुधा गिरणीत अपघात. आम्ही ते खरं धरलं! वर्षभर आमच्या घरात 'मान मोडलेले पणजोबा' अशी गोष्ट चालू होती, माझ्या भाच्याने तर शाळेत फॅमिली ट्रीच्या प्रोजेक्टमध्ये ते लिहिलं सुद्धा.

मग ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या सासूबाईंकडून तुमचा पत्ता लागला. जानेवारी २०२४, म्हणजे मराठा आरक्षणासाठीच्या शिंदे समितीमुळे जिल्ह्याजिल्ह्यात कुणबी नोंदी शोधायचं काम चाललं होतं आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तुम्ही म्हणालात फोटो पाठवून ठेव, जमेल तसं बघते. मी धरून चालले होते की झालं, आता पावसाळ्यापर्यंत विसरा. आणि तिसऱ्याच दिवशी रात्री साडेनऊला तुमचा फोन, हॅलो वगैरे काही नाही, थेट "अगं, मान नाही मोडली कोणाची. मानमोडी आली होती."

मला काही कळेना. मग तुम्ही सांगितलंत की १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, तिला आपल्याकडे लोक मानमोडी म्हणायचे. मोडीत सगळं सलग, त्यामुळे 'मानमोडीने' चं त्या गृहस्थांनी 'मान मोडी ने' केलं आणि पुढे स्वतःची गोष्ट रचली. तारीखही तुम्ही दोन्ही बाजूंनी पडताळलीत. आत लिहिलेलं आश्विन शुद्ध १३ शके १८४० कालयुक्त नाम संवत्सरे, शकात ७८ मिळवायचे की १९१८, दसरा होऊन तीन दिवस झालेले. आणि वरचा परळचा शिक्का, त्यातला दिवस पुसलाय पण ऑक्टोबर वाचता येतो. मुंबईत साथीची दुसरी लाट सगळ्यात भयंकर होती ती नेमकी तेव्हाच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आम्ही कोविडमध्ये त्याच लालबागच्या खोलीत चौघं कोंडून बसलो होतो आणि हे कार्ड आमच्या डोक्यावर माळ्यावर होतं, हे नंतर आठवलं की कसंतरीच होतं.

मग तुम्ही फोनवर कार्ड वाचून दाखवलंत. मी ते उतरवून घेतलंय, थोडंसं देते.

"राजमान्य राजश्री यासी सा. न. वि. वि. इकडील वर्तमान फार वाईट आहे. मानमोडीने आठ दिवसांत दोघेही गेली. पोर आम्हांपाशी आहे. दूध मिळत नाही. मजलाही ताप आहे. तरी पत्र देखत निघोन येणे. पोर तुमचे आहे."

खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि त्याच्यापुढे, गेलेल्या माणसाचा सख्खा भाऊ. अक्षर मात्र त्याचं नसणार असं तुम्ही म्हणालात, वळण सराईत कारकुनी आहे, चाळीतल्या कोणा लिहिणाऱ्याकडून लिहवून घेतलं असेल. पत्ता जावली तालुक्यातला, मेढ्याजवळचं गाव, जे आम्ही आजपर्यंत आमचं मूळ गाव म्हणून सांगतो.

इथे मी गप्पच झाले होते. कारण पोर म्हणजे आजोबा, हे मला कळत होतं, त्यांचा जन्म १९१७ चा. पण ज्या माणसाला हे कार्ड आलं त्याचं नाव आम्ही आजोबांचे वडील म्हणून लावतो! शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, बाबांनी गयेला पिंड दिले तेव्हासुद्धा तेच नाव. मी म्हटलं काकू, वाचण्यात काही चूक तर नाही ना. तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही फक्त एक प्रश्न विचारलात, तुमचं देवक काय? म्हणजे लग्नात पुजतात ते कुळाचं चिन्ह.

काकू, तो प्रश्न आमच्या घरात सत्तर वर्षं कोणी नीट विचारलाच नव्हता. गावातल्या आमच्या आडनावाच्या सगळ्या भावकीचं देवक पंचपल्लव. आमच्या एका घराचं कळंब. माझ्या मोठ्या आत्याच्या लग्नात यावरून मांडवात भांडण झालं होतं म्हणे, भावकीतले म्हातारे म्हणाले हे कुठलं नवीन काढलंत, आणि आजोबा, जे एरवी कोणाला उलट बोलायचे नाहीत, ते म्हणाले कळंबाची फांदी येईल तेव्हाच हळद लागेल. कारण सांगितलं नाही. आम्ही सगळे ते म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून हसण्यावारी न्यायचो, मी पण.

तुम्ही शांतपणे सांगितलंत की आडनाव मामाचं लागलं असणार, आई-बाप गेल्यावर मामाने आणून वाढवला आणि शाळेत घालताना आपलं नाव दिलं, पण देवक बापाचं असतं, ते मामाने बदललं नाही. सोयरीक जुळवताना चूक होऊ नये म्हणून मुलाला सांगून ठेवलं असेल.

त्यानंतर जे तुम्ही बोललात ते मी रोज एकदा तरी मनात म्हणते. मयताचं कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचलं की फाडून टाकतात. माझ्या आईने तर मावशी गेल्याची तार दारातच फाडली होती, आत सुद्धा आणली नाही. तुम्ही म्हणालात, या माणसाची सख्खी बहीण गेल्याचं हे कार्ड आहे, आणि त्याने ते फाडलं नाही, तारेत ओवून ठेवलं. त्या पोराच्या बापाचं नाव लिहिलेला दुसरा कागद त्याच्याकडे नसेल.

आणि त्या बापाचं नाव होतंच कार्डात, अमुक बिन (म्हणजे मुलगा) अमुकचा, म्हणजे एका फटक्यात खापरपणजोबाही मिळाले. फक्त त्याच्या पुढे 'मौजे' लिहिलंय आणि गावाच्या नावातून बरोब्बर ती तार आरपार गेलेली. दोन अक्षरं भोकात! मी तर हात टेकले होते. तुम्ही म्हणालात, पहिलटकरीण बाळंतपणाला कुठे जाते? माहेरी. मग मुलाच्या जन्माची नोंद मामाच्या गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत असायला पाहिजे, आणि तिथे बापाचं गाव लिहिलेलं असू शकतं. इतकं साधं, पण मला जन्मात सुचलं नसतं, मी आपली सातबारा आणि फेरफार शोधत बसणार होते, जे मामाच्या जमिनीचे होते.

तहसीलच्या रेकॉर्ड रूमच्या फेऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही, चार झाल्या, दोन वेळा 'साहेब मीटिंगला गेलेत'. पण तिथल्या एका शिपाईदादांनी स्वतः शिडी लावून १९१७ चं बाड काढून दिलं, त्यांचेही आभार. पानांचे फोटो मी तिथूनच तुम्हाला टाकले आणि तुम्ही देवळात होतात तरी पायरीवर बसून वाचलेत. नोंदीत मुलाचं नाव नाहीच, नुसतं 'मुलगा'. बापाचं नाव कार्डाशी जुळणारं. आणि गाव, पूर्ण, भोक नसलेलं.

ते गाव आता नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलं. मी लहानपणी कॉलेजच्या ट्रेकला बामणोलीहून लाँचने वासोट्याला गेले होते, ग्रुपमध्ये गाणी म्हणत, वेफर्स खात. त्याच पाण्यावरून. (लहानपणी काय, वीस वर्षांची घोडी होते, पण आता तसं वाटतं.)

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण आता तो विषय माझ्या एकटीचा राहिला नाही. धरणग्रस्त कुठे कुठे गेले, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे, ते तुम्हीच समजावलंत आणि म्हणालात आडनाव विचारत बसू नकोस, गावाचं नाव सांगून विचार, उठलेली माणसं गावाचं नाव विसरत नाहीत. दोन महिने लागले. रायगडातल्या एका वसाहतीत पत्ता लागला. बाबांनीच फोन केला, स्पीकरवर. पलीकडे एक आजोबा, आवाजावरून ऐंशीच्या पुढचे, आधी फार संशयाने बोलत होते, साहजिक आहे, जमिनीच्या मोबदल्याचा काही दावा सांगायला आलेत की काय असंच वाटणार. बाबा सगळं सांगत सुटले, कार्ड, मानमोडी, मामा. पलीकडे नुसतं हूं, हूं. मग त्यांनी विचारलं, देवक?

बाबा म्हणाले, कळंब.

बराच वेळ काही आवाज नाही, मला वाटलं रेंज गेली. मग ते म्हणाले, मुंबईला दोघं भाऊ गेले होते गिरणीत, परत कोणीच आलं नाही, असं आमची आजी सांगायची. या एकदा.

म्हणजे कार्ड लिहवून घेणारा तो धाकटा भाऊ, 'मजलाही ताप आहे' म्हणणारा, तोही गेला असणार. त्याच्याबद्दल आम्हाला त्या एका कार्डापलीकडे काहीच माहीत नाही. पण ताप अंगात असताना कोणाला तरी पकडून त्याने ते लिहवून घेतलं म्हणून आजोबा, बाबा, मी आणि मान मोडलेले पणजोबा लिहिणारा तो भाचा. बाबांनी यंदा पितृपक्षात पहिल्यांदा खऱ्या पणजोबांचं नाव घेतलं, त्यांच्याबरोबर या भावाचंही, आणि मामांचंही सोडलं नाही, आडनाव तर आम्ही बदलणारच नाही. भटजी जरा गोंधळले होते.

रायगडला आम्ही दिवाळीनंतर जातोय. त्या आजोबांनी सांगितलंय की पाणी उतरलं की मे महिन्यात बामणोलीकडे येईन, गाव कुठे होतं ते लाँचमधून बोट करून दाखवेन. तुमचे गुडघे दुखतात माहितीये, पण लाँचमध्ये नुसतं बसायचंच आहे. बाबा म्हणतात काकू आल्या तरच मी येणार. तारीख कळवते. पेढे आणणार नाही, वाघा घेवडा आणीन.

तुमचीच,
कार्डवाली
(तुम्ही माझा नंबर असाच सेव्ह केलाय ना?)